सँडरॉकमधले पहिले वर्ष: पाण्याच्या हिशेबाने खेळ कसा लावावा

‘माय टाइम अ‍ॅट सँडरॉक’ हा खेळ नव्याने सुरू करणारे बहुतेक जण पहिल्या आठवड्यात तांबे, लाकूड आणि पैसा यांच्या मागे धावतात, आणि आठवडा संपता संपता त्यांचे काम अडते ते पाण्यापायी. भट्टीत खनिज भरलेले असते, सरपण घातलेले असते, कामाची मुदत दोन दिवसांवर आलेली असते, आणि यंत्र मात्र टाकी रिकामी झाल्याने मध्यरात्रीच थांबलेले असते. माझेही असेच झाले होते. सकाळी सहाला अंगणात आलो तर भट्टीच्या डोक्यावर पाणी संपल्याची खूण लुकलुकत होती, पुलाच्या कामाला लागणाऱ्या कांस्याच्या पट्ट्यांपैकी निम्म्याही पडलेल्या नव्हत्या, आणि आदल्या दिवशीच माझ्याजवळचे बहुतेक पाणी मी हौसेने लावलेल्या रोपांना घालून टाकले होते. तेव्हापासून मी हा खेळ एकाच पद्धतीने खेळत आलो आहे आणि नव्या माणसालाही तेच सांगतो: आधी पाण्याची वही मांडा, बाकीचा संसार तिच्या मागून आपोआप मार्गी लागतो.

खेळाची तोंडओळख थोडक्यात करून देतो. चीनमधल्या चोंगचिंग शहरातल्या पाथिआ गेम्स या कंपनीने तो तयार केला आहे. 26 मे 2022 रोजी तो अपूर्ण स्वरूपात लोकांसमोर आला आणि 2 नोव्हेंबर 2023 रोजी संगणकासह प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि स्विच यांवर पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. महाप्रलयानंतर तीन शतके उलटून गेली आहेत, जुन्या जगाचे भंगार वाळूखाली गाडले गेले आहे, आणि त्या वाळवंटात सँडरॉक नावाचे एक उतरणीला लागलेले गाव तग धरून आहे, अशी त्याची कल्पना. तुम्ही ‘बिल्डर’, म्हणजे गावाला लागेल ते घडवून देणारे कारागीर, म्हणून रेल्वेने तिथे उतरता. तुमच्यासोबत मीआन नावाची दुसरी बिल्डरही नव्यानेच आलेली असते. म्हातारा मेसन आपली कार्यशाळा तुमच्या हाती सोपवून निवृत्त होतो आणि तिथून खेळ सुरू होतो. भाषा इंग्रजी निवडावी लागते, कारण मराठीची सोय नाही. पण संवाद सोपे आहेत आणि ते सावकाश वाचता येतात.

गावात सलून, म्हणजे दारू-जेवणाचा गुत्ता, आहे, रँच, म्हणजे जनावरांचा मळा, आहे, रेल्वे स्टेशन आहे, फरारी दरोडेखोर आहेत आणि त्यांच्या मागावर असलेले शिपाईही आहेत. म्हणून या खेळाला ‘वेस्टर्न’, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या जुन्या वसाहतींच्या धाटणीचा, म्हणतात. अमेरिकी पश्चिमेची आठवण काढली की लोकांना आधी पिस्तुले आठवतात. मला मात्र वाटते की त्या प्रदेशाची खरी कथा पाण्याची आहे. 1862 च्या होमस्टेड कायद्याने कुटुंबामागे 160 एकर जमीन मिळू लागली, पण कोरड्या माळरानावर तेवढ्या जमिनीतही पोट भरेना, कारण पाऊसच पुरेसा नव्हता. जमिनीखालचे पाणी वर काढायला पवनचक्क्या लागल्या, आणि वाऱ्याच्या दिशेनुसार स्वतःच फिरणाऱ्या पवनचक्कीचे पेटंट डॅनियल हॅलडे याने 1854 मध्ये घेतले होते. सँडरॉकच्या निर्मात्यांनी ही गोष्ट ओळखली आहे. त्यांनी वेस्टर्नचा पेहराव घेतला, पण त्या पेहरावाखाली दुष्काळी गाव उभे केले. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले ते दिवस ज्यांच्या लक्षात आहेत, त्यांना रेल्वे स्टेशन आणि कोरडे हौद जवळजवळ असलेले हे गाव परके वाटणार नाही.

सुरुवात करण्यापूर्वी

सेटिंगमध्ये काळाचा वेग कमी करण्याची सोय आहे. ती पहिल्याच दिवशी वापरावी. मूळ वेगात दिवस भराभर सरतो आणि नव्या माणसाला नकाशा उघडून रस्ता शोधेपर्यंत दुपार होते. वेग कमी केल्याने आपण लबाडी करतो आहोत असे काही जणांना वाटते. ते मनातून काढून टाकावे. हा खेळ निवांतपणे खेळण्यासाठीच आहे, आणि गावातल्या माणसांची बोलणी नीट ऐकायची असतील तर दिवसाला तेवढी लांबी असायलाच हवी. हात बसला की वेग हवा तेव्हा पुन्हा वाढवता येतो.

वर्षात चार ऋतू आणि प्रत्येक ऋतूचे 28 दिवस असतात. रात्री तीन वाजेपर्यंत जागता येते, त्यानंतर मात्र पात्र जिथे असेल तिथेच झोपी जाते. खेळ झोपतानाच सेव्ह होतो, म्हणून घाईत बंद करण्याआधी अंथरूण गाठायचे हे लक्षात ठेवा. नाहीतर दिवसभराची मेहनत वाया जाते. दमाचे, म्हणजे स्टॅमिनाचे, तसेच आहे. कुदळीच्या प्रत्येक घावाला, कुऱ्हाडीच्या प्रत्येक फटक्याला तो खर्च होतो आणि झोपेने किंवा खाण्याने भरून येतो. सुरुवातीला खाणे महाग पडते, तेव्हा दम दुपारीच संपला तर उरलेला दिवस बोलण्याचालण्यात, बाजारहाटात आणि कार्यशाळेच्या मांडामांडीत घालवावा. लवकर झोपून टाकण्याचा मोह होतो, पण पहिल्या ऋतूत माणसांशी ओळख करून घेण्यासाठी संध्याकाळ फार कामाची असते.

पाणी

बहुतेक मोठ्या यंत्रांना इंधनाबरोबर पाणीही लागते. यंत्रासमोर उभे राहिले की इंधन किती उरले आणि टाकीत पाणी किती उरले, हे दोन्ही दिसते. नवखा खेळाडू इंधनाकडे पाहतो, कारण आग आणि सरपण यांचा संबंध आपल्या मनात पक्का असतो. पाण्याच्या आकड्याकडे त्याची नजर जात नाही. म्हणून पहिली सवय अशी लावावी की, यंत्राला काम देताना ते काम संपेपर्यंत टाकी पुरेल का, एवढे पाहूनच पुढे जायचे. रात्रीसाठी लांबलचक काम लावताना हे दोनदा पाहावे, कारण रात्रभर यंत्र बंद राहिले तर खरा तोटा वेळेचा होतो, आणि या खेळात वेळ विकत मिळत नाही.

पाणी मिळवण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे दव गोळा करणारे यंत्र. कथेच्या सुरुवातीच्या टप्प्यातच ते हाती येते. अंगणात उभे केले की ते आपले आपण दव साठवत राहते आणि तुम्ही रोज जाऊन ते काढून घ्यायचे. एक यंत्र पुरेसे आहे असे वाटणे ही दुसरी मोठी चूक. पहिल्या भट्टीला ते पुरते. दुसरी भट्टी, रिसायकलर (भंगारातून कामाचा माल वेगळा करणारे यंत्र) आणि दोन-चार वाफे आले की लगेच कमी पडते. माझा नियम असा की, पाणी पिणारे एखादे नवे यंत्र बांधायचे ठरले की त्याच्या आधी दव गोळा करणारे आणखी एक यंत्र उभे करायचे. हा क्रम उलटा केला, तर नवे यंत्र जुन्या यंत्राच्या तोंडचे पाणी पळवते आणि दोन्ही अर्धवट चालतात.

बर्जेस नावाच्या तरुणाच्या ‘वॉटर वर्ल्ड’ या दुकानात पाणी विकतही मिळते. अडीअडचणीला ते जरूर घ्यावे, पण त्यावर संसार चालवू नये. सुरुवातीला हातात येणारे पैसे नव्या साधनांना लागतात, आणि पाण्यात गेलेला पैसा दिसत नसला तरी महिनाअखेर त्याची बेरीज बोचते. दुकानांतले भाव रोज थोडे वरखाली होत असतात, म्हणून भाव उतरलेला दिसला त्या दिवशी थोडा साठा करून ठेवणे एवढेच शहाणपणाचे. पेटीत पाण्याचा एक राखीव साठा असावा आणि मुदतीच्या कामाखेरीज त्याला हात लावू नये. मी त्यासाठी एक वेगळी पेटीच ठेवली आहे. तिच्याकडे हात गेला की मनातल्या मनात कारण द्यावे लागते.

झाडांना हात लावू नका

दुसऱ्या कोणत्याही शेतीच्या खेळात पहिले काम झाडे तोडण्याचे असते. इथे ती सवय घातक ठरते. वाळवंट गावाच्या वेशीपर्यंत आले आहे, त्यामुळे उभी झाडे तोडण्यास बंदी आहे, आणि जो तोडेल त्याच्यावर गावकरी नाराज होतात. चर्चच्या लोकांनी गावातल्या ओअ‍ॅसिसचे आणि हिरवळीचे रक्षण हाच आपला धर्म मानला आहे. नव्या बिल्डरने आल्या आल्या कुऱ्हाड चालवली तर त्याच्याबद्दल काय मत होईल, हे वेगळे सांगायला नको.

मग लाकूड कुठून आणायचे? माळावर वाळलेल्या, मोडक्या लाकडाचे ढीग पडलेले असतात, ते फोडायचे. त्याशिवाय जुन्या जगाच्या भंगाराचे ढिगारे जागोजागी आहेत; त्यांवर पिकहॅमर, म्हणजे खेळातली कुदळ, चालवला की धातूचे तुकडे आणि मोडके सुटे भाग हाती येतात, आणि ते रिसायकलरमध्ये घातले की कामाचा माल वेगळा होऊन मिळतो. हा रिसायकलर सुरुवातीच्या महिन्यात भट्टीइतकाच मोलाचा आहे, किंबहुना मी त्याला अर्धे पाऊल पुढे ठेवीन. भट्टी तुम्हाला मुख्यतः पट्ट्या देते. रिसायकलर मात्र कधी काय देईल याचा नेम नसल्याने, पुढे अचानक मागितल्या जाणाऱ्या चिजा तो आधीच साठवून ठेवतो. घरी परतताना थैलीत भंगार असलेच पाहिजे, असा दंडक घालून घ्या.

कार्यशाळेची मांडणी

अंगण लहान असते, म्हणून यंत्रे ज्या क्रमाने वापरता त्याच क्रमाने लावा: दाराजवळ पेट्या, त्यांच्याशेजारी कामाचे टेबल, मग रिसायकलर आणि भट्ट्या, आणि दव गोळा करणारी यंत्रे एका ओळीत, म्हणजे सकाळी एका फेरीत सगळी रिकामी करता येतात. टेबलावर वस्तू घडवताना पेट्यांमधला माल आपोआप वापरला जातो, त्यामुळे सगळे सामान अंगावर घेऊन फिरण्याची गरज नसते. बाहेर पडताना थैली रिकामी करून निघावे. मोठ्या वस्तू जुळणीच्या चौथऱ्यावर एकेक भाग जोडून तयार होतात. त्यांचा आराखडा उघडून कोणते भाग लागतील ते आधीच पाहून ठेवले, तर भट्टीला रात्री काय लावायचे हे ठरवणे सोपे जाते.

वाळूचे वादळ येऊन गेले की यंत्रांवर धूळ साचते आणि त्यांची गती मंदावते. वादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांत आधी यंत्रे साफ करा. हे काम मिनिटाभराचे आहे, पण ते विसरले तर दोन दिवस भट्टी का रेंगाळते आहे हेच कळत नाही.

कामे घेताना

बिल्डरांना कामे देणाऱ्या ‘कॉमर्स गिल्ड’ या संस्थेच्या कार्यालयात कामांचा फलक आहे आणि तिथला कमिशनर यान याच्या देखरेखीखाली गावाची कामे वाटली जातात. प्रत्येक कामावर मोबदला, मुदत आणि मिळणारी पत लिहिलेली असते. मोठा आकडा पाहून काम उचलू नका. आधी तीन प्रश्न विचारा: लागणारा माल पेटीत आहे का, नसेल तर तो कोणत्या यंत्रातून येणार, आणि त्या यंत्राला तेवढे दिवस पुरेल एवढे पाणी आहे का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर कमी मोबदल्याचे काम बरे. दिलेली मुदत चुकली की पत घसरते आणि ज्याचे काम होते तो माणूसही दुखावतो.

कथेची मोठी कामे वेगळी असतात. रॉकीच्या यूफॉला सॅल्व्हेज या खोदकामाच्या ठिकाणची लिफ्ट आणि त्यानंतर शोनाश दरीवरचा पूल ही पहिल्या वर्षातली दोन मोठी ओझी आहेत. पुलाला कांस्य बऱ्यापैकी लागते, आणि कांस्य म्हणजे तांबे आणि कथील या दोन्हींची खनिजे. त्यामुळे पुलाचे काम जाहीर होण्याची वाट न पाहता, लिफ्टचे काम संपले त्या दिवसापासूनच एक भट्टी कांस्यासाठी राखून ठेवावी. ज्यांनी हे केले त्यांना पुलाचे दिवस सुखाचे गेले. माझ्यासारख्यांना पहाटे भट्टीपाशी उभे राहून पट्ट्या मोजाव्या लागल्या.

पातळी वाढली की मिळणारे गुण चार शाखांत वाटता येतात: माल गोळा करणे, कार्यशाळा, लढाई आणि लोकसंग्रह. पहिल्या वर्षी बहुतेक गुण पहिल्या दोन शाखांत घाला. लढाईची शाखा मोह पाडते, पण सुरुवातीची लढाई साध्या तलवारीने आणि पोटभर खाऊन निभावता येते.

जमिनीखाली

यूफॉला सॅल्व्हेज हे जुन्या जगाचे अवशेष खोदून काढण्याचे ठिकाण आहे. परवाना घेऊन आत उतरायचे आणि भिंती फोडत खाली खाली जायचे. तांबे, कथील, दगड हे तर मिळतेच. पण हातात स्कॅनर असला की भिंतीआड गाडलेल्या जुन्या वस्तू कुठे आहेत ते दिसते आणि उगाच चारी दिशांना खोदत बसावे लागत नाही. पैसे भरून आत आला आहात, तर त्या दिवशी दुसरे काही काम ठेवू नका. सकाळी यंत्रांत पाणी-सरपण भरा, दोन-तीन खाण्याच्या वस्तू घ्या, थैली मोकळी करा आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहा. अर्धा दिवस खाण आणि अर्धा दिवस गाव अशी विभागणी केली की दोन्ही कामे अर्धी राहतात.

खोदताना डेटा डिस्क, म्हणजे जुन्या जगाची माहिती साठवलेल्या चकत्या, सापडतात. त्या विकू नका. संशोधन केंद्रातला ‘ची’ नावाचा संशोधक त्यांच्या बदल्यात नव्या यंत्रांचे आराखडे तयार करून देतो, आणि नवे यंत्र आले की कामाचा दर्जाच बदलतो. चीला माणसांपेक्षा यंत्रमानवांत अधिक रस आहे; त्याच्या तुटक बोलण्याचा राग धरू नये. सापडलेले जुने अवशेष कातोरीच्या संग्रहालयाला दिल्याने पैसा कमी मिळतो, पण गावाच्या कोपऱ्यातली एक रिकामी जागा हळूहळू भरत जाते आणि ते पाहायला बरे वाटते.

धोक्याचे अवशेष निराळे आहेत. तिथे सरड्यासारखे दिसणारे गीगलर आणि इतर प्राणी अंगावर येतात. पहिल्या महिन्यात फार खोल जाऊ नका. हत्यार ह्यूगो लोहाराकडून घ्या किंवा स्वतः घडवा, आणि मार चुकवण्यासाठी बाजूला उडी मारण्याचा सराव करा. याहून अधिक सांगण्यासारखे लढाईत काही नाही.

शेती आणि जनावरे

इथली शेती हा हौसेचा भाग आहे आणि हिशेबाचाही. रोपे लावण्यासाठी पेट्यांसारखे वाफे घडवता येतात, आणि पुढे वाळूवर पेंढ्याच्या चौकटी बसवून तिथेही लागवड करता येते. ही पेंढ्याची चौकट लेखकांच्या कल्पनेतून आलेली नाही. चीनच्या निंग्श्या प्रांतात शापोतोऊ इथे, तेंगेर वाळवंटाच्या काठावर, 1958 मध्ये पूर्ण झालेल्या बाओतोऊ-लानचोऊ रेल्वेमार्गावर वाळू चालून येऊ नये म्हणून जमिनीत साधारण एक मीटर बाजूचे पेंढ्याचे चौकोन रोवण्यात आले. पेंढा वाऱ्याचा जोर जमिनीलगत मोडतो, वाळू जागची हलत नाही, आणि त्या आडोशाला झुडपांची मुळे धरतात. खेळातला शेतकरी झीक ज्या तळमळीने वाळू हिरवी करण्याबद्दल बोलतो, तिच्यामागे ही खरी मेहनत आहे, हे कळल्यापासून त्याची कामे मी फलकावरच्या कोणत्याही कामाआधी घेतो.

रोपांना खत आणि पाणी दोन्ही लागते, आणि इथेच भट्टी आणि शेत यांचे भांडण लागते. माझ्या अनुभवाने पहिल्या ऋतूत दोन-तीनपेक्षा अधिक वाफे लावू नयेत. जे लावाल ते स्वतःच्या खाण्याला किंवा एखाद्या ठरलेल्या कामाला उपयोगी पडेल असे निवडा, आणि बियाण्याच्या माहितीत त्याला कोणता ऋतू मानवतो ते वाचूनच पेरा. दव गोळा करणारी यंत्रे तीन-चार झाली आणि राखीव पेटी आठवडाभर न उघडता राहिली, म्हणजे शेत वाढवण्याची वेळ आली असे समजावे. याच हिशेबाने जनावरे घ्यावीत. कूपर आणि मेबल यांची रँच आहे, त्यांची मुलगी एल्सी तुम्हाला पहिल्या दिवसांतच भेटते. कूपर बोलायला लागले की थांबत नाहीत, पण त्यांच्या बोलण्यात जनावरांची कामाची माहिती असते. याकमेल हा याक आणि उंट यांचा मेळ घातलेला प्राणी इथले मुख्य वाहन आहे. पहिल्या महिन्यात स्वारीचे जनावर भाड्याने घेतलेत तरी ते परवडते, कारण पायी फिरण्यात जाणारा दिवसाचा मोठा भाग वाचतो आणि तो खाणीला किंवा माणसांना देता येतो.

पाणी नसलेल्या गावात मासे कुठले, असे वाटेल. पण सँडरॉकचे मासे वाळूतच पोहतात. सापळा आणि आमिष घेऊन त्यांना पकडायचे असते. संध्याकाळी दम संपत आला की मी तिकडे जातो.

माणसे

ओवेनचे ‘ब्लू मून सलून’ हे गावाचे ओटा आणि चावडी दोन्ही आहे. संध्याकाळी तिथे गेले की निम्मे गाव एका जागी भेटते, म्हणजे दिवसभर एकेकाला शोधत फिरावे लागत नाही. प्रत्येकाशी रोज दोन शब्द बोलले तरी ओळख थोडी थोडी वाढते. भेटवस्तूने ती लवकर वाढते, पण ज्याला जे आवडते तेच द्यावे. कुणाला काय आवडते हे त्यांच्या बोलण्यातून कळते. कुंभारीण अमीरा मातीबद्दल बोलते, तिचा भाऊ आर्वियो ‘बाय द स्टेअर्स’ दुकानातल्या मालाबद्दल, डॉक्टर फांग मात्र जवळजवळ बोलतच नाही. त्याच्या वतीने त्याचा एक्स नावाचा पक्षी बोलतो. फांगची ओळख वाढायला खूप दिवस लागतात, आणि माझ्या मते खेळातली ती सर्वांत सुंदर ओळख आहे.

सगळ्यांना भेटी देत बसण्यापेक्षा तीन-चार माणसे निवडा. एक कामाच्या दृष्टीने, उदाहरणार्थ बांधकाम करणारी हायडी. एक शेतीच्या दृष्टीने. आणि एक निव्वळ आवडली म्हणून. फरारी लोगनबद्दल गावात जे बोलले जाते ते ऐकून घ्या, पण मत बनवण्याची घाई करू नका. याहून जास्त इथे सांगणे योग्य नाही. लग्न आणि प्रेमाचे धागे दुसऱ्या वर्षात गेले तरी काही बिघडत नाही, कारण कथा पुढे सरकते तशी माणसांची खरी रूपे उलगडतात.

झोपण्यापूर्वीची फेरी

माझी रात्रीची फेरी ठरलेली आहे. साधारण दहाच्या सुमारास सलूनमधून परततो. थैलीतला माल पेट्यांत टाकतो. भंगार रिसायकलरमध्ये घालतो. मग भट्ट्यांना रात्रीचे काम लावतो आणि प्रत्येकीचे इंधन, त्यानंतर प्रत्येकीचे पाणी पाहतो; हा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे, कारण शेवटी पाहिलेली गोष्ट विसरली जात नाही. वाफ्यांना पाणी सकाळी, दव काढल्यानंतर, म्हणजे रात्रीच्या साठ्यावर फक्त यंत्रांचा हक्क राहतो. हातात वेळ उरला तर दुसऱ्या दिवशी फलकावरून कोणत्या प्रकारचे काम घ्यायचे याचा अंदाज पेटीकडे पाहून करतो आणि अंथरुणाकडे जातो.

एकत्र खेळण्याची सोय कथेपासून वेगळी ठेवलेली आहे आणि त्यात चार जणांपर्यंत एका कार्यशाळेत राबता येते. घरातल्या मुलांबरोबर किंवा दूर राहणाऱ्या भावंडांबरोबर खेळायचे असेल तर आधी एकट्याने दोन ऋतू खेळून घ्यावेत. आणि एकत्र बसल्यावर खोदायला कोण, शेतात कोण, भट्टीवर कोण हे कसेही वाटून घ्या, पण राखीव पाण्याची पेटी एकाच माणसाच्या ताब्यात द्या आणि तिला हात लावण्याआधी बाकीच्यांनी त्याला विचारायचे, असे पहिल्याच दिवशी ठरवून टाका.